माझ्या पोटातला एकतीस जून

मी एक जुनं कपाट आहे आणि माझ्या पोटात एकतीस जून आहे.

हसू नका, मित्रांनो! तुमच्या कॅलेंडरातला जून तिसाव्या तारखेलाच दमतो हे मलाही ठाऊक आहे. माझ्यातला मात्र आणखी एक दिवस तग धरतो. कसा ते सांगतो. माझ्याकडे वेळच वेळ आहे. अख्खं वर्ष आहे, वर सहा दिवस जास्तीचे!

माझा जन्म वाचनालयाच्या मागच्या अंगणात झाला. तेव्हाच्या ग्रंथपालबाईंना गावातल्या गमतीदार पण खऱ्या गोष्टी जमवायचं भारी वेड होतं. कोणत्या तारखेला कुठे काय अजब घडलं, ते त्या चिठ्ठीवर लिहून ठेवायच्या. चिठ्ठ्या इतक्या झाल्या की बाईंच्या टेबलावर चहाचा कप ठेवायला जागा उरेना. मग त्यांनी सुताराला बोलावलं आणि सांगितलं, "वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक छोटा खण हवा."

सुताराच्या हातात जादू होती, पण कॅलेंडराशी त्याचं कधी पटलं नव्हतं. त्याने बारा ओळी आखल्या आणि प्रत्येक ओळीत एकतीस खण बसवून मोकळा झाला.

बाईंनी मोजलं. चष्मा पुसून पुन्हा मोजलं. "अहो, फेब्रुवारीला एकतीस खण?"

"मग? त्या बिचाऱ्यानेच काय घोडं मारलंय?"

"अहो, पण तेवढे दिवस नसतात त्याला!"

"ते तुमचं तुम्ही बघा, बाई. तिथे खण कमी केले असते तर कपाट दात पडल्यासारखं दिसलं असतं."

बाई हसून हसून खुर्चीत बसल्या. त्यांनी एकही खण काढू दिला नाही. उलट प्रत्येकावर पितळी आकडे ठोकून घेतले. अशा रीतीने तीस फेब्रुवारी, एकतीस एप्रिल, एकतीस जून अशा सहा न होणाऱ्या दिवसांचा मी मालक झालो. आहे का दुसरं कुणी?

मग माझे सुखाचे दिवस सुरू झाले. सकाळी वाचनालय उघडलं की बाई त्या दिवसाचा खण ओढायच्या, चिठ्ठी मोठ्याने वाचायच्या आणि दारातल्या फळ्यावर खडूने उतरवायच्या. नियम कडक होता. गोष्ट याच गावातली हवी, खरी हवी आणि तारीख पक्की हवी.

एकेक गोष्ट तरी काय सांगू! सतरा मार्चला अग्निशमन दलाची स्वतःचीच शेड पेटली होती, कारण झाडून सगळे जवान बंब घेऊन झाडावरची मांजर उतरवायला गेले होते. आग शेजाऱ्यांनी बादल्यांनी विझवली आणि मांजर आपली आपण उतरली. दोन ऑगस्टला एका फोटोग्राफरने सगळ्या गावाला मैदानात उभं केलं. तो बटण दाबणार, इतक्यात कोणीतरी ओरडलं, "मधमाश्या!" त्या फोटोत सहाशे पाठी आहेत. अजूनही लोक येतात आणि पाठीवरून आपले पणजोबा ओळखतात!

आणि अठ्ठावीस ऑक्टोबर! त्या दिवशी मनोऱ्यावरचं टोले देणारं मोठं घड्याळ सव्वाचारला बंद पडलं, कारण काट्यात कबुतराचं घरटं अडकलं होतं. घड्याळजी म्हणाला, पिलं उडेपर्यंत मी हात लावणार नाही. मग काय, रोज सकाळी सव्वाचार, दुपारी सव्वाचार. शाळेला उशीर झाला की मुलं मनोऱ्याकडे बोट दाखवायची.

एकोणतीस फेब्रुवारीचा खण मात्र चार वर्षांतून एकदाच उघडतो, म्हणून तो कायम फुगलेला. आणि नऊ नोव्हेंबरचा खण? तो साफ रिकामा. बाईंनी जंग जंग पछाडलं, पण त्या तारखेला गावात काही घडल्याचं सापडेना. त्या दिवशी फळ्यावर एवढंच असायचं, "आज विशेष काही नाही." लोक चिडवायचे, "त्या दिवशी गाव काय घोरत पडलं होतं?"

ज्याचा वाढदिवस असेल त्याने खण ओढायचा, ही आणखी एक रीत. सगळे हौसेने यायचे. एकटे बायंडरकाका लांब उभे राहायचे. फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे घालायचं काम त्यांचं. तेव्हा ते ऐन तारुण्यात होते आणि कायम खळीच्या वासात.

"तुमचा खण कुठला हो?" बाईंनी एकदा विचारलं.

"माझी तारीख कुणी लिहूनच ठेवली नाही, बाई." काका हसले, पण ते हसू ओठांवरच राहिलं.

बाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि एका खणावर टिचकी मारली. "आजपासून एकतीस जून तुमचा."

"पण तो यायचा कधी?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा!"

काकांनी हा अधिकार मनापासून वापरला. एका वर्षी तर त्यांनी वाढदिवस तीनदा केला! पोरं रोज विचारायची, "काका, आज एकतीस जून आहे का?" दर वेळी ते त्या खणात एक ओळ लिहून ठेवायचे. "आज दोनशे पानं शिवली, बोटं शाबूत." असलं काहीतरी.

मग वर्षं गेली. बाई निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेल्या. नवे ग्रंथपाल सर आले. सर माणूस चांगला, पण त्यांना सगळं टापटीप लागायचं आणि मी होतो धुळकट. फळ्यावरचं लिहिणं बंद पडलं. मला कोपऱ्यात सरकवलं, डोक्यावर मोडका पंखा ठेवला आणि शेजारी ओलं फडकं वाळत घातलं. वाईट वाटायचं, मित्रांनो. पण कपाटाने रुसायचं म्हटलं तरी कुठे जायचं?

एक दिवस कळलं की वाचनालय नव्या इमारतीत जाणार. सर म्हणाले, "चिठ्ठ्या संगणकात घेऊ आणि हे धूड लाकूडवाल्याला देऊ. सोमवारी टेम्पो येईल."

माझ्या बिजागऱ्याच ढिल्या झाल्या!

चिठ्ठ्या यंत्रात घालायला आली भिंगरी, बायंडरकाकांची नात. नववीतली. एका जागी उभं राहणं तिला माहीतच नाही. "फक्त पुढची बाजू घे हं," सरांनी बजावलं. "मागे नुसतं पेन्सिलीचं गिरबटलेलं असतं."

शनिवारी दुपारपर्यंत काम झकास चाललं. मग तिने एकतीस जूनचा खण ओढला आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली. अशी तारीख अस्तित्वात नाही.

"मग टाकून दे त्या," सर म्हणाले.

"सर, हा माझ्या आजोबांचा वाढदिवस आहे!"

"अगं, पण जून तीस दिवसांचाच असतो."

"हे तुमच्या यंत्राला माहीत आहे. आजोबांना कोण सांगणार?"

सरांनी कपाळ चोळलं. "खरी तारीख आण. मी स्वतः भरतो. पण सोमवारच्या आत."

आजोबा तिथेच खळ लावत बसले होते. "सोड गं," ते म्हणाले. "आई एवढंच म्हणायची, मुकं घड्याळ बोलायला लागलं आणि दुसऱ्या दिवशी तू बोंब ठोकलीस. माझ्या आवाजाची थट्टा, दुसरं काय!"

भिंगरी चक्क एका जागी उभी राहिली. "आजोबा, कुठलं मुकं घड्याळ?"

"कुठलं म्हणजे? आई आपली काहीतरी..." आणि काकांचा ब्रश हवेतच थांबला.

ती धावत माझ्याकडे आली आणि अठ्ठावीस ऑक्टोबर ओढला. चिठ्ठीवर घड्याळ बंद पडल्याचं होतं, कबुतराचं होतं, साल होतं. साल काकांच्या वयाशी बरोब्बर जुळत होतं. पण घड्याळ पुन्हा सुरू कधी झालं? ते कुठेच नाही! अगं, चिठ्ठी उलट ना, उलट! मी ओरडणार होतो, पण मला फक्त करकरता येतं. तेवढ्यात तिने चिठ्ठी खिडकीच्या उजेडात धरली आणि तिला कागदाच्या पलीकडचं पेन्सिलीचं लिखाण दिसलं. मागे बाईंचं अक्षर होतं, "पिलं उडाली. घड्याळ सुरू, आठ नोव्हेंबर, सकाळी."

"दुसरा दिवस म्हणजे नऊ!" भिंगरीचं बोट माझ्या अकराव्या ओळीवरून सरकत नवव्या खणावर थांबलं. तोच तो, रिकामा. "आजोबा, गाव घोरत नव्हतं! तुम्ही जन्माला येत होतात!"

काका उठले. खळीचे हात त्यांनी कितीतरी वेळ पुसले. "या खणाला मीही हसलोय गं, सगळ्यांबरोबर," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी चांगल्या कागदाची एक चिठ्ठी कापली, दोन ओळी लिहिल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या खऱ्या तारखेचा खण ओढला.

सरांनी सहज एक चिठ्ठी उलटली. मग दुसरी. त्या मांजरीचं पुढे काय झालं, 'मधमाश्या' म्हणून कोण ओरडलं, सगळं मागेच होतं! संध्याकाळपर्यंत ते माझ्यापुढे फरशीवर मांडी घालून खिदळत होते. सोमवारी टेम्पो आला तेव्हा लाकूडवाल्याच्या हाती त्यांनी मोडका पंखा दिला. "कपाट येतंय आमच्याबरोबर. सगळ्यात आधी तेच चढवा."

"आणि काका, एकतीस जून आता रिकामा करायचा ना?" सरांनी विचारलं.

"का म्हणून? इतकी वर्षं पाळलेला दिवस आहे तो. मला दोन्ही हवेत."

सर जरा घुटमळले. "मग... तीस फेब्रुवारी कुणाचा आहे का हो?"

तर मित्रांनो, आता मी नव्या इमारतीत अगदी दारासमोर आहे आणि फळा पुन्हा सुरू झालाय. माझं एक ऐकाल? जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा उलटून बघा. घरातली मोठी माणसं तीच ती गंमत दहाव्यांदा सांगायला लागली की कंटाळू नका, तारीख विचारा आणि लिहून ठेवा. मला भेटायला या, तुमचा खण ओढा, पण जरा बेताने ओढा. लाकूड आता म्हातारं झालंय.

आणि नऊ नोव्हेंबरला आलात तर फळा नक्की वाचा. त्यावर काकांची चिठ्ठी जशीच्या तशी उतरवलेली असते.

"आज मी झालो.
बाकी विशेष काही नाही."