मांदेलीच्या जाळ्यातला लव्हाळा

पाऊस ओसरल्यावर आतेने खळ्यात निळी ताडपत्री अंथरली आणि कडेने दगड ठेवले. उजेड मिळाला नाही की खालचा लव्हाळा मरेल, असा तिचा अंदाज होता. आठवड्याभरात ताडपत्रीतून हिरवी टोकं वर आली. मी वाकून पाहिलं. ताडपत्री कुठेच फाटली नव्हती. प्रत्येक पात्याने फक्त आपल्यापुरतं भोक पाडलं होतं.

खळं म्हणजे घरापुढचं सारवलेलं अंगण. घिवली गावात मासेमारांच्या घरांना ते लागतंच, कारण जवळा म्हणजे अगदी बारीक कोलंबी; तो जमिनीवर पसरूनच सुकवावा लागतो. माझी आते गोदूबाई लग्न होऊन आली तेव्हापासून याच खळ्यात जवळा सुकवत आली होती. मी पदवीनंतर बोईसरला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले आणि तिच्याकडे राहायला आले. सकाळची पाळी करून मी दुपारी परत यायचे तेव्हा ती खळ्यातच असायची.

"काकी, ताडपत्रीला पन सोडलं नाय त्यानं," कुंपणापलीकडून मितेशदादा म्हणाला. हा आतेच्या दिराचा मुलगा. शेजारीच राहतो.

"दिसतंय मला. डोळे हायत."

"मी सांगतो ते ऐक. एक फवारा मारू, नायतर खडी टाकून सरळ कोबा करू. चार खोल्या उभ्या राहतील. बोईसरची पोरं खोली शोधत फिरतात."

"म्हणजे गवतासाठी नाय, खोल्यांसाठी आलास."

मितेशदादा हसला. त्याने ते नाकारलंही नाही. तो वाईट माणूस नव्हता. होडीवर आता पोट भरत नाही हे त्याने बरीच वर्षं पाहिलं होतं.

आतेचा नवरा गेला तेव्हा घरात वाटणीचं बोलणं झालं होतं. तिच्या दिराने, म्हणजे मितेशदादाच्या वडिलांनी, रामनाथकाकांनी, सगळ्यांसमोर सांगितलं होतं : वहिनी खळ्यात मासळी सुकवते तवर खळं तिचं. ती थांबली की पोरांनी काय ते बघावं. त्यावर पुढे कोणी काही बोललं नाही, आणि आमच्याकडे ते पुरतं. पण मागच्या हंगामात आतेच्या जवळ्यात लव्हाळ्याची पाती आणि तुटकी मुळं यायला लागली. वाळल्यावर ती जवळ्याच्याच रंगाची होतात, निवडून निघत नाहीत. मनोरच्या बाजारात एका गिऱ्हाइकाने मूठभर जवळा उचलला, निरखला आणि परत टोपलीत टाकला. त्यानंतर आते बाजारात फार गेली नाही. यंदा खळ्यात जवळा पडला नाही तर ती थांबली असं सगळे समजणार होते.

"दिवाळी होऊ दे," मितेशदादा म्हणाला. "मग बघू."

"बघ की. आत्तापन बघतोयसच."

तो गेल्यावर मी फवाऱ्याची गोष्ट काढली. तणनाशक पानांतून आत जातं आणि लव्हाळ्याच्या जमिनीखालच्या काही गाठींपर्यंत पोचतं. मुळाने जोडलेल्या माळेतल्या बाकीच्या गाठी तशाच पडून राहतात. म्हणजे पुन्हा मारावं लागेल, आणि पुन्हा.

"एकदा पन नाय," आते म्हणाली. "ज्या जमिनीवर मी लोकांचं खाणं पसरते तिथं औषध टाकायचं नाय. विषय संपला."

दुसऱ्या दिवशी मी खळ्याच्या कोपऱ्यात एक चौकोनी खड्डा खणला. माती थराथराने काढली आणि प्रत्येक थराचे वेगळे ढीग केले. लव्हाळ्याच्या गाठी सुपारीपेक्षा लहान, काळपट, दोऱ्यासारख्या मुळाने एकीला एक जोडलेल्या होत्या. बहुतेक एक वीतभर खोलीतच होत्या. त्याखाली चुकूनमाकून एखादी, आणि हातभर खाली काहीच नाही. उपटलं की दोरा तुटतो, पातं हातात येतं आणि गाठ खाली राहते. तुटलेली प्रत्येक गाठ मग स्वतंत्र उगवते. म्हणजे आतेने इतकी वर्षं उपटून त्याची लागवडच केली होती. हे मी तिला जरा सौम्य शब्दांत सांगितलं, आणि माती खणून चाळली तरच गाठी निघतील असंही.

मला आणखी एक गोष्ट खटकत होती. कुंपणाबाहेर हरळी होती, आघाडा होता, दुधीचं तण होतं आणि त्यांच्यात थोडा लव्हाळा. खळ्यात मात्र फक्त लव्हाळा.

"आते, इथे काय टाकायचात तुम्ही?"

"काय टाकनार? मासळी खारवली की पिंपातलं पानी गवतावर ओतायचो. सगळं गाव ओततं. मिठानं गवत जळतं."

"हरळी जळते. आघाडा जळतो. लव्हाळ्याचंही पातं जळतं, पण गाठ खाली जिवंत राहते. पावसाने मीठ धुऊन गेलं की याच्याशी भांडायला दुसरं कोणीच उरत नाही."

आतेने कुंपणाबाहेरच्या हरळीकडे पाहिलं.

"म्हणजे आमी त्याला रान मोकळं करून दिलं."

"तसंच काहीतरी."

"आनि वर ताडपत्री पांघरली." ती उठली, पदर खोचला. "माती चाळायची म्हनतेस ना? चल. किती खोल?"

"एक वीत. आणि चार बोटं जास्त."

चाळणीचा प्रश्न होता. घरातली पिठाची, आणि बांधकामाची मोठी चाळण मितेशदादाकडे. त्याच्याकडे मागायची नाही असं आतेने आधीच ठरवलं होतं. तिने माळ्यावरून जुनं जवळ्याचं जाळं काढलं आणि आम्ही ते चार बांबूंत ताणून बांधलं. पहिली टोपली ओतली तर माती वरच बसून राहिली, जाळं मधोमध पिशवीसारखं लोंबलं. जवळ्याची वीण फार बारीक. मग मांदेलीचं, जरा मोठ्या विणीचं जाळं काढलं. त्यातून माती गळली आणि गाठी वर राहिल्या, ओल्या, काळ्या, शेपट्यांसकट.

आतेने मूठभर उचलून वर धरल्या. "पहिली डोल," ती म्हणाली, जाळं ओढल्यावर पहिली मासळी दाखवावी तशी.

आम्ही एका कडेने खणत निघालो. मी कुदळ मारायची, ती ढेकळं हाताने फोडायची, दोघी मिळून जाळं हलवायचो. चाळलेली माती मागे, पुढे लव्हाळा. प्रश्न उरला गाठींचा. जाळायला त्या ओल्या होत्या आणि फेकाव्यात तर जिथे पडतील तिथे उगवल्या असत्या. मी म्हटलं की पाणी उडून गेलं की गाठ मरते, फक्त ती जमिनीला टेकता कामा नये.

"सुकवायच्या," आते म्हणाली. "मग ते मला शिकवू नको."

तिने दगडांवर जाळं अंथरलं, त्यावर गाठी एकेरी थरात पसरल्या. दुपारी ऊन डोक्यावर आलं की पालथ्या केल्या. संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करून झाकल्या, सकाळी पुन्हा पसरल्या. मासळीला करते तसंच सगळं. समोरून जाणारी मेघाली पाटी खाली ठेवून बघतच राहिली. ही आतेबरोबर बाजाराला जाणारी, जिभेला हाड नसलेली.

"गोदूबाय, काय लागलंय जाळ्याला?"

"लव्हाळा."

"ताजा हाय?"

"कालचा हाय. तुला पायजे तर वेगळा काढून ठेवते."

"नको बाय, आमच्यात खात नायत. बोईसरच्या भाडेकरूंना दे, ते आले की."

"ते येनार नायत."

मेघालीने पाटी डोक्यावर घेतली. जाताना म्हणाली, "मितेश तर खडीवाल्याशी बोललाय."

गाठी खरंच मरतात का, हे मला बघायचं होतं. मी दर दोन-तीन दिवसांनी थोड्या गाठी उचलून ओल्या मातीच्या कुंड्यांत पुरल्या. सुरुवातीच्या कुंड्यांत पाती आली. आठवड्यापेक्षा जास्त वाळलेल्या गाठींच्या कुंडीत काही आलं नाही. आते कुंड्यांकडे बघायची नाही. ती गाठ दोन बोटांत धरून नखाने टोकरायची. आत पांढरं, ओलसर दिसलं की परत उन्हात, तपकिरी आणि कडक दिसलं की चुलीत. एक दिवस मी तिने चुलीसाठी काढलेल्या गाठींतल्या काही चोरून कुंडीत लावल्या. त्यातली एक उगवली. मी कुंडी तिच्यापुढे नेऊन ठेवली.

"एक दिवस जास्त ठेवू," ती म्हणाली आणि पातं चिमटीत धरून गाठीसकट काढलं.

दिवाळी आली तेव्हा अर्धं खळं झालं होतं. चाळलेल्या मातीवर आम्ही पाणी मारून ती चोपून घेतली, शेणाने दोनदा सारवली. उरलेल्या अर्ध्यात लव्हाळा गुडघ्याला लागत होता. मी रजा टाकली तरी ते आठवड्यात होणारं काम नव्हतं, आणि भाऊबीज होते न होते तोच बंदरावरून निरोप आला की होड्यांना जवळा आणि बोंबील लागलेत.

"आता?" मी विचारलं.

आतेने उभ्या लव्हाळ्याकडे पाहिलं. मग घराच्या मागे गेली आणि बोंबील टांगायच्या वलांडीचे बांबू ओढत पुढे आणले. वलांडी म्हणजे उभे खांब आणि त्यांना बांधलेले आडवे बांबू. ती इतकी वर्षं मागच्या बोळात उभी असायची.

"कुदळ घे. खड्डे कर. गवतातच."

सकाळी आम्ही सारवलेल्या अर्ध्यावर जवळा पसरला, गुलाबी, पातळ थराने. दुसऱ्या अर्ध्यात वलांडी उभी होती आणि आते एकेका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून जोड्या टांगत होती. खाली लव्हाळा, वर बोंबील. तेवढ्यात खडीचा टेम्पो मागे मागे येत कुंपणाशी थांबला. मितेशदादा पुढून उतरला.

"भैया, किधर खाली करूँ?" ड्रायव्हरने विचारलं.

"रुको," मितेशदादा म्हणाला. तो खळ्याच्या तोंडाशी आला. "काकी, हे काय? गवत तर तसंच हाय. अर्धं खळं जंगल हाय."

"हाय."

"मग?"

"मी गवत काढायची बोली केली नव्हती. मासळी सुकवते तवर खळं माझं, अशी बोली हाय. कुठं मासळी नाय ते दाखव. तिथं टाक खडी."

मितेशदादाने बघितलं. पाय ठेवायलाही जागा नव्हती.

"बोंबील मागे टांगायचीस तू. हे मुद्दाम केलंस."

"मुद्दामच केलं. मग काय चुकून करू?"

गलका ऐकून रामनाथकाका त्यांच्या पडवीतून उतरले. त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे. कुंपणापर्यंत यायला त्यांना वेळ लागला. त्यांनी आधी टेम्पोकडे पाहिलं, मग जवळ्याकडे, मग लव्हाळ्यात उभ्या असलेल्या वलांडीकडे. कोणी त्यांना काही विचारलं नाही. ते कडेकडेने आत आले, आतेच्या टोपलीतून दोन बोंबील उचलले, त्यांची जोडी केली आणि रिकाम्या बांबूवर टांगली.

"त्या टोकाला मोकळं हाय, वहिनी," ते म्हणाले. "तिकडं पन टांग."

"टांगते, भावजी."

मितेशदादा टेम्पोकडे वळला. मग ड्रायव्हरला म्हणाला, "बंदर की तरफ लेके चलो. उधर रास्ते में गड्ढे हैं." टेम्पोत बसताना त्याने वळून आतेला विचारलं, "आनि उरलेलं अर्धं? ते कधी खननार?"

"बोंबील उतरले की. चाळन हाय ना तुझ्याकडं? ती घेऊन ये. तू पन ये."

"बघू," तो म्हणाला. ते नाही नव्हतं.

जवळा दोन दिवसांत सुकला. गोळा करताना मी मूठभर उचलून उन्हात धरला. पाती नव्हती, मुळं नव्हती. आतेने पाटी भरली, मेघालीला हाक मारून सांगितलं की उद्या मनोरला जायचंय, आणि केरसुणी घेऊन खळं झाडायला वाकली. मधेच थांबली.

सारवणाला बारीकशी भेग होती आणि तिच्यातून एक हिरवं टोक वर आलं होतं.

मी तोंड उघडलं. एक गाठ आमच्या जाळ्यातून सुटली होती, किंवा खालून, वीत आणि चार बोटांच्या खालून आली होती. अशा अजून किती असतील ते मला सांगता आलं नसतं, आणि हे दोन-तीन वर्षं तरी चालणार हे मला ठाऊक होतं. तेच मी तिला सांगणार होते.

"कुदळ आन," आते म्हणाली.

"सारवण फुटेल. आत्ता दिवाळीलाच तर..."

"फुटू दे. परत सारवू."

मी कुदळ आणली. तिने ती माझ्या हातून घेतली, टोकाच्या एक वीतभर अलीकडे पाय रोवला आणि पहिला घाव घातला.