मातीखालची जाळी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी जाळी आहे. मला पाहायचं असेल, तर परसातल्या खुराड्यात शिरून वीतभर माती उकरावी लागेल.

कारखान्यातून मी एका वेल्डरच्या दुकानात आले आणि बरीच वर्षं तिथल्या भिंतीला टेकून उभी राहिले. गिऱ्हाईक मला हात लावायचं आणि दुसरीच जाळी घेऊन जायचं. मग वेल्डरच्या धाकट्या बहिणीने पाच कोंबड्या पाळल्या आणि माझं नशीब उघडलं. या ताई घरीच शिवणकाम करत.

खुराड्याच्या तळाला काय घालायचं, यावरून बहीणभावांचं वाजलं. ताईंना माती हवी होती.

"मातीत घाण साठते," दादा म्हणाले. "जाळी टाकू. घाण खाली पडेल, वरून बादलीभर पाणी ओतलं की काम फत्ते."

"आणि त्यांचे पाय?"

"कोंबड्या आहेत गं, राजकन्या नाहीत."

दादांनी मला विटांवर बसवलं. शेजारीण म्हणाली, "माझ्या स्वयंपाकघरापेक्षा चकचकीत आहे हे." मी अगदी फुलून गेले.

पण थोड्याच दिवसांत ठिपकी नावाची कोंबडी लंगडू लागली. माझ्या तारेवर पाय टेकला की ती तो लगेच उचलून घेई. जनावरांच्या डॉक्टरांनी तळवा पाहिला. "तारेवर उभी राहून जखम झाली आहे. मऊ जमीन द्या, नाहीतर ही उठायची नाही."

दादांना पटेना. तेव्हा ताई म्हणाल्या, "दादा, बूट काढ आणि जाळीवर उभा राहा."

"काहीतरीच."

"राहा तर खरं."

दादा उभे राहिले. आधी हसले, मग एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेऊ लागले. "झालं का?" ते म्हणाले.

"त्या दिवसभर उभ्या असतात."

दादांनी मला उचलून बाहेर ठेवलं आणि खुराड्यात माती पसरली. ठिपकीचा पाय सुधारू लागला. पण एका दुपारी भिंतीलगत ताजं बीळ दिसलं. तांबडी कोंबडी नव्हती, नुसती पिसं उरली होती. मुंगूस आत शिरून गेलं होतं.

"जाळी घातली तर ठिपकी जाते," ताई म्हणाल्या, "आणि नाही घातली तर चौघी जातात." बोलता बोलता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दादा, कोटाला अस्तर कुठून लावतात?"

"आतून. का?"

"मग खण."

माती काढली गेली. मला खाली अंथरून माझ्या कडा भिंतीलगत वर दुमडल्या. पुन्हा माती, वर सुकी पानं. मी दिसेनाशी झाले.

दुसऱ्याच दुपारी मुंगूस आलं. आधी नखांची खरवड, मग माझ्या कोपऱ्यावर दात. तिथे गंज होता. एक जोड तुटला. घरात शिलाई मशीन चालू होतं, त्यात हा आवाज कुणाला ऐकू येणार? दुसरा जोड तुटला आणि त्या फटीतून नाक वर आलं. उरलेल्या तारा मी घट्ट धरून होते.

एकाएकी मशीन थांबलं. एरवी दुपारी माती उकरणाऱ्या चौघी आज एका कोपऱ्यात गप्प उभ्या होत्या, आणि ते ताईंनी खिडकीतून पाहिलं होतं. हातातली लाकडी पट्टी घेऊन त्या धावत आल्या आणि मुंगसाने पळ काढला.

दादांनी कोपरा उकरला. "अजून एक जोड तुटला असता तर..." ते म्हणाले. मग त्यांनी तिथे जाड तारेचं ठिगळ जोडलं. तेव्हापासून ते अधूनमधून माझे कोपरे उघडून पाहतात, गंज खरवडतात, रंग लावतात.

मित्रांनो, आता माझं कौतुक करायला कोणी येत नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही. तुम्हीही कधी कोंबड्या पाळाल, तेव्हा तळाला काय घालायचं ते त्यांच्या पायांना विचारून ठरवा. आणि वरची माती छान दिसते म्हणून निर्धास्त राहू नका. गंज आवाज करत नाही.

कधीकधी माती उकरणारी नखं थेट माझ्यापर्यंत पोचतात. मी दचकते. मग वरचं वजन जाणवतं आणि ओळख पटते. ती ठिपकी असते, दोन्ही पाय टेकून उभी.