संस्काराचे चार गुण

रविवारी सकाळी साडेनऊला कमलाकर सरांच्या बैठकीत चार माणसं बसली होती आणि आत त्यांच्या पत्नी रजनीकाकू पोह्यांवर तर्री घालत होत्या. यवतमाळात रविवारी ज्या घरी माणसं जमतात तिथे पोहे होतातच, त्यात विशेष काही नाही. विशेष होतं ते टेबलावर. तिथे सोळा मुलींची सोळा मूल्यांकन पत्रकं पसरली होती, आणि कोणती मुलगी कितव्या नंबरची हे ही चार माणसं ठरवणार होती.

विदर्भात मुलींची नवी व्यावसायिक बास्केटबॉल लीग सुरू होणार होती. सहा जिल्ह्यांचे सहा संघ. प्रत्येक जिल्ह्याच्या समितीने आपल्या मुलींची क्रमवारी लावायची. पहिल्या नंबरची मुलगी घरच्या संघात, दुसरीला बाहेरचा संघ उचलणार, आणि करार फक्त या दोघींशी. तिसऱ्या नंबरपासून पुढच्या सगळ्या राखीव, म्हणजे बोलावणं येईल या आशेवर घरी बसायचं. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला घरी बसवलं की पुढे तिचं काय होतं, हे वाचणाऱ्यांना सांगायला नको.

कमलाकर सर या समितीचे अध्यक्ष. बत्तीस वर्षं शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेले, शिस्तीचे आणि गावात मान असलेले. पत्रकात ‘संस्कार’ नावाचा वीस गुणांचा रकाना त्यांनीच फार पूर्वी घातला होता. वेळेवर येणं, चेंडू जागेवर ठेवणं, पंचाशी न भांडणं, एवढंच त्यात बघायचं असे. यंदा संघाचे मालक घनश्यामभाऊ यांनी त्यात गृहभेट घुसवली. घनश्यामभाऊंची कापसाची जिनिंग आहे, मंगल कार्यालय आहे, आणि आता एक संघही आहे. मुलीच्या घरी जायचं, घर बघायचं, माणसं बघायची आणि गुण द्यायचे. सून बघायला जातात तसंच हे होतं, पण तसं कोणी म्हणालं नाही.

राहिलेले दोघे म्हणजे हाडांचे डॉक्टर चारुदत्त आणि पुण्याहून परत आलेला, लॅपटॉपवर आकडे मांडणारा सलील.

सुरुवातीची चर्चा खरोखर चांगली झाली, हे मान्य करायला हवं. वाद होता साधनाला किती वर घ्यायचं याचा. साधना राजूरची. वडील भीमराज कोळशाच्या खाणीत कामाला. वणीच्या शालेय स्पर्धेत सरांनीच तिला तेराव्या वर्षी हेरलं आणि यवतमाळच्या वसतिगृहात आणलं. सलील म्हणाला की तिने दिलेल्या पासवर जेवढे बास्केट होतात तेवढे बाकीच्या पंधरा जणींच्या मिळून होत नाहीत. चारुदत्तांना तिची उंची कमी वाटत होती, पण तिचे गुडघे शाबूत आहेत आणि अशी मुलगी अजून दहा वर्षं खेळेल, हेही त्यांनीच सांगितलं. तिचा डावा हात कच्चा असल्याची शंका निघाली तेव्हा सर हसले. तीन महिने त्यांनी तिचा उजवा हात ओढणीने पाठीशी बांधून फक्त डाव्या हाताने चेंडू खेळवायला लावला होता. आता कोणता हात कच्चा हे तिला स्वतःला तरी सांगता येईल की नाही, असं ते म्हणाले.

मग सरांच्या लेकीचं, अनघाचं पत्रक निघालं. सर लगेच उठून बाहेर ओट्यावर गेले. माझ्या मुलीबद्दल मी बोलणार नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. अनघा उंच, कष्टाळू आणि चांगली खेळाडू होतीच. आत घनश्यामभाऊंनी पोह्यांचा घास घेतला आणि हीच गृहभेट समजू म्हणत संस्कारात एकोणीस गुण लावले. सर परत आले तेव्हा आकडा लिहून झाला होता. तो त्यांनी पाहिला आणि त्यांना बरं वाटलं.

सलीलने बेरीज सांगितली. संस्काराचा रकाना सोडला तर साधना पहिली, अनघा दुसरी, पुसदच्या वकिलांची भैरवी तिसरी. साधनाच्या संस्काराचे गुण भरायचे राहिले होते.

घनश्यामभाऊंनी बशी खाली ठेवली.

“पोरगी हिरा हाय, मी नाई म्हणून नाई राह्यलो. पण एक नंबरची पोरगी सिझनभर माह्या घरी राहीन. आमच्या पंगतीत जेवीन. पहिल्या दिवशी आई तिले ओवाळीन. आईचं वय झालं सर. तिले या वयात कायले त्रास द्यायचा?”

जातीचं नाव कोणी घेतलं नाही. ते घ्यावं लागत नाही, हीच तर या लोकांची खुबी आहे. डॉक्टर पंख्याकडे बघू लागले. मग त्यांनी मधला मार्ग काढला, साधनाला दुसरा नंबर द्यावा, बाहेरच्या संघात जाईल, कोणाच्याच घराचा प्रश्न नाही.

“अन् तिकडं जाऊन तिनं आपल्यालेच हारवलं त?” घनश्यामभाऊ म्हणाले. “तिसरी ठेवा. राखीव. गरज पडली की बोलावू.”

घरात घ्यायची नाही आणि दुसऱ्याकडे जाऊही द्यायची नाही. असला हिशोब पोटभर पोहे खाऊन, हात पुसत पुसत करता येतो. हे लिहितानाही किळस येते, पण त्या बैठकीत कोणाला आली नाही. सलीलने आकडे फिरवून पाहिले आणि सांगितलं की सात दिले तरी ती दुसरी येते, तिसरी आणायची तर चारच द्यावे लागतील. बोलताना त्याची नजर लॅपटॉपवरून हलली नाही.

पेन कमलाकर सरांच्या हातात होतं. आदल्या गुरुवारी हेच चौघे घनश्यामभाऊंच्या गाडीतून राजूरला गेले होते. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर, पुसून लख्ख केलेली. साधनाच्या आईने, इंदूबाईंनी, खोक्यातून नवे कप काढून चहा दिला होता. घनश्यामभाऊ म्हणाले, आताच झाला. डॉक्टरांना पित्ताचा त्रास आठवला. सलीलला फोन आला. सरांनी कप उचलला होता. ज्या माणसाने बत्तीस वर्षं जिल्ह्यातल्या प्रत्येक टपरीवर चहा प्यायला, त्याने घनश्यामभाऊंकडे एकदा पाहिलं आणि कप खाली ठेवला. चारही कप भरलेले राहिले आणि त्यावर साय धरली.

सरांनी रकान्यात चार लिहिले. शेऱ्यात लिहिलं, ‘गृहभेटीत वातावरण अनुकूल वाटले नाही.’ अक्षर नेहमीसारखं सुंदर आलं.

आता सरांची एक सवय सांगायला हवी. सगळं उघड असावं असा त्यांचा आग्रह. प्रत्येक मुलीला तिचं पत्रक वाचायला द्यायचं आणि खाली तिची सही घ्यायची, हा नियमही त्यांचाच. एवढं करूनही हा नियम या खेपेला गुंडाळून ठेवावा हे त्यांना सुचलं नाही. कारण आपण काही वाईट केलंय असं त्यांना वाटतच नव्हतं. व्यवहार म्हणून एक आकडा लिहिला होता, इतकंच.

बुधवारी लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका सभागृहात सोळा मुली जमल्या. पत्रकं वाटली गेली. भराभर सह्या होऊ लागल्या. साधनाने आपलं पत्रक दोनदा वाचलं, उठली आणि समितीच्या टेबलापाशी आली.

“सर, हे चार कशाचे?”

सर म्हणाले की हा समितीचा एकत्रित निर्णय आहे, एका रकान्याने नाउमेद होऊ नकोस, पुढच्या वर्षी बघू.

“मी सहा वर्षात एकदा उशिरा नाई आली. पंचाले उलटून नाई बोलली. चेंडूची जाळी रोज मीच उचलतो. मंग चार कशाचे?” तिचा आवाज चढला नव्हता. “घरी येऊन चहा तुमी नाई पेला, सर. मार्क माहे काहून कापले?”

घनश्यामभाऊ खुर्चीतच हलले आणि म्हणाले की सही करायची नसेल तर यादी तिच्या नावाशिवाय जाईल. साधनाने पत्रकाची नीट घडी घातली, बॅगेत ठेवली आणि मी सही करत नाही, एवढंच सांगितलं.

तेव्हा अनघा उठली. तिच्या हातात पेन होतं, सही अर्धी झाली होती.

“बाबा, माझे एकोणीस कशाचे?” तिने विचारलं. “पोहे आईने केले, यांनी खाल्ले आणि गुण मला मिळाले. बरोबर ना?”

सरांनी तिला खाली बसायला सांगितलं. ती बसली नाही. तिने अर्ध्या सहीवर आडवी रेघ मारली, पत्रक टेबलावर ठेवलं आणि साधनाच्या मागोमाग बाहेर गेली. बाकीच्या चौदा जणींनी सह्या केल्या. त्यांना दोष देता येत नाही, त्यांच्याही घरी आशा लावून बसलेले लोक होते. संध्याकाळी यादी गेली. पहिल्या नंबरवर भैरवी. तिला घनश्यामभाऊंच्या आईने ओवाळलं, त्याचा फोटो पेपरात आला.

घरी सरांनी दोन दिवस आपली बाजू मांडून पाहिली. एकट्याच्या हातात काय असतं, मी विरोध केला असता तर मलाच काढलं असतं, मग मुलींचं कोणी पाहिलं असतं. अनघा त्यांच्याशी बोलत नव्हती. रजनीकाकू सगळं ऐकून घेत होत्या. तिसऱ्या दिवशी त्या पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या,

“सहा वर्षं ती पोरगी आपल्या ओट्यावर बसून पाणी प्यायली. मी तिला एकदाही आत ये म्हटलं नाही. तुमच्या लक्षात आलं होतं का?”

सरांच्या लक्षात आलं नव्हतं. ताट तसंच टाकून ते उठले. त्यांना स्वतःचीच शिसारी आली होती, आणि बत्तीस वर्षांत ही पहिलीच वेळ होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ते वणीला गेले, तिथून ऑटोने राजूरला. इंदूबाई अंगणात दोरीवरच्या कपड्यांवरची कोळशाची धूळ झटकत होत्या. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. सरांनी तांब्याभर पाणी पिऊन टाकलं आणि ते बसून राहिले. बराच वेळ गेला. चुलीकडे काही हालचाल होईना.

“चहा मांडत नाई मी, सर,” इंदूबाई म्हणाल्या. “तुमी आज चहासाठीच आले, समजलं मले. तुमी पिऊन मोकळे होसान अन् माह्या पोरीचं वर्ष तसंच जाईन.”

सरांनी माफी मागितली. लीगला सगळं लिहून कळवतो म्हणाले.

“कळवा. पण त्या साहेब लोकायनं तिले पाह्यलं नाई. चार मार्क तुमी साऱ्या पोरीयसमोर हातात देले. आता त्यायच्याच समोर सांगा, काहून देले ते. घुमवून नका सांगू.”

सरांनी पत्र लिहिलं, समितीचा राजीनामा दिला. लीगकडून उत्तर आलं नाही. हंगाम सुरू झाला. भैरवी बरी खेळली, यवतमाळचा संघ शेवटून पहिला आला आणि घनश्यामभाऊंनी नशिबाला बोल लावला.

पण हंगाम सुरू होण्याआधीच्या रविवारी, सकाळी सात वाजता, सर कोर्टावर गेले. मुली सरावाला आल्या होत्या. साधना होती, अनघा होती. भैरवीही होती. सरांनी शिट्टी वाजवली नाही, सगळ्या जमेपर्यंत मध्यरेषेवर उभे राहिले. मग कागद उघडून त्यांनी वाचलं की साधनाचा खेळ या जिल्ह्यात पहिल्या नंबरचा आहे. ती बौद्ध आहे म्हणून मालकांना ती घरात नको होती. तिच्या आईच्या हातचा चहा आम्ही चौघांनी त्याच कारणाने घेतला नाही. कप मी उचलला होता आणि खाली ठेवला. चार हा आकडा माझ्या हातचा आहे, आणि तो तिच्या संस्काराचा नाही, माझ्या संस्काराचा आहे. अनघा खाली बघत होती, तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

साधना नजर न काढता त्यांच्याकडे बघत होती. वाचून झाल्यावर सर थांबले. तिने काहीतरी म्हणावं, निदान ठीक आहे सर एवढं तरी, याची ते वाट पाहत होते हे सगळ्यांना दिसत होतं. आपणही अशी वाट पाहतोच. चूक कबूल केली की समोरच्याने लगेच आपल्याला मोकळं करावं, एवढी आपली घाई असते.

साधनाने चेंडू उचलला आणि डाव्या हाताने एकदा जमिनीवर आपटून घेतला.

“झालं का सर?” ती म्हणाली. “बाजूले व्हा मंग. आमाले खेळाचं हाय.”

सर रेषेबाहेर जाऊन उभे राहिले.