मध्ये आलेला माणूस

"ताई, म्हाताऱ्याचं वजन अजून कमी करा," ऋषभ म्हणाला. "उडायला हवा तो. आत्ता नुसताच लवंडतोय."

पडद्यावर आमच्याच शहरातल्या एस्प्लनेडचा चौक होता. लाल रेसिंग कार वळणावरून आली, रस्ता ओलांडणाऱ्या छत्रीवाल्या म्हाताऱ्यावर आदळली आणि तो कडेला लवंडला. टीममधली मंडळी हसली. कुणीतरी त्याचं 'दादू', म्हणजे बंगालीत आजोबा, असं नावही ठेवून टाकलं होतं. मी हसले नाही. तो म्हातारा म्हणजे माझे वडील होते, आणि हे त्या खोलीत एकट्या मला ठाऊक होतं.

सॉल्ट लेकच्या आमच्या ऑफिसात कार-शर्यतींच्या गेमचे रस्ते बनतात. त्यांवर हलणारे अडथळे बसवणं हे माझं काम. गडगडणारी पिंपं, झुलणारी क्रेन, आडवी येणारी हातगाडी. गेम बनवायच्या एडिटरमध्ये प्रत्येकाला वजन द्यायचं. हलकं दिलं की ते धडकेसरशी उडतं, जड दिलं की गाडीचाच चक्काचूर. कितीतरी वर्षं हेच करतेय आणि पिंपं उडवताना मला कधी वाईट वाटलेलं नाही. पिंपाची घरी कुणी वाट बघत नसतं.

"हा कुठून आणलास?" मी विचारलं.

"आपल्याच जुन्या आकृत्यांच्या लायब्ररीत पडून होता. सकाळी मीच टाकला. चाल भारी आहे ना? मध्येच थांबून मागे बघतो. तेवढ्यात ठोकायचं, जादा पॉइंट्स."

ऋषभ पुण्याचा. वयाने माझ्याहून बराच लहान, पण साहेब माझा. एरवी इंग्रजीत हुकूम सोडतो, काम काढून घ्यायचं असलं की मराठीत येतो आणि ताई म्हणतो.

ती चाल मीच दिली होती. फुटपाथवरून जाणारी-येणारी माणसं हवी होती, म्हणून मी बाबांना आमच्या गच्चीवर चालायला लावून व्हिडिओ घेतला आणि त्यावरून ही आकृती केली. श्यामराव देवस्थळी, निवृत्त बँक अधिकारी, त्यासाठी इस्त्रीचा शर्ट घालून वर आले. डावा हात पाठीशी, उजव्या हातात मिटलेली छत्री, आणि थोडं चाललं की थांबून मागे बघणं. आईचे गुडघे दुखतात, ती मागे राहते, म्हणून लागलेली सवय. आई तेव्हा खाली स्वयंपाकघरात होती, तरी ते वळून बघत होते. आम्ही सगळ्यांनी त्यांची चिक्कार थट्टा केली.

गेल्या वर्षी दुर्गापूजेच्या आधी खऱ्या एस्प्लनेडला एका गाडीने त्यांना उडवलं. ते पांढऱ्या पट्ट्यांवरून चालत होते, दिवा त्यांच्या बाजूचा हिरवा होता. गाडी चालवणारा पोरगा पोलिसांना म्हणाला, "अंकल बीच में आ गए।" सगळ्यांना ते पटलं. आमचे नातेवाईकसुद्धा घरी येऊन, चहा पिऊन, विचारून गेले, "या वयात त्या गर्दीत एकट्याने जायचंच कशाला?" म्हणजे हक्काच्या पट्ट्यांवरून चालणारा मध्ये आला, आणि सिग्नल तोडणारा बिचारा नाहक अडकला. तेव्हापासून बाबा चाकाच्या खुर्चीत आहेत, आणि माझा राग काही केल्या उतरत नाही.

"माणूस ठोकल्याचे पॉइंट्स द्यायचे?" मी म्हटलं.

"गेम आहे हो ताई. रक्त नाही, काही नाही. पडला की लगेच उठून चालायला लागतो."

लगेच उठून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सरक जरा," म्हणून मी त्याची खुर्ची ओढून घेतली. बाबांचं वजन कमी केलं नाही आणि वाढवलंही नाही. त्यांना धक्का बसणंच बंद करून टाकलं. फिरत्या फाटकांसाठी आमच्याकडे ती सोय असते. असा अडथळा ठरलेल्या रेषेवरून चालत राहतो, कुठलीही गाडी आली तरी हलत नाही.

"चालव आता."

ऋषभने भरधाव गाडी आणली. ती बाबांवर आदळली, तिचं नाक चेपलं, चाकं निखळून गडगडत गेली. बाबा थांबले, मागे वळून बघितलं आणि पुढे निघाले. या वेळी कुणी हसलं नाही.

"ही काय चेष्टा आहे?" ऋषभ म्हणाला. "उद्या हे दाखवायचंय. संध्याकाळपर्यंत हलका करा, नाहीतर मी करतो."

"ते माझे वडील आहेत. ही चाल त्यांची आहे. फुटपाथवरून जायला म्हणून त्यांनी ती दिली होती, मार खायला नाही. आता ते चालू शकत नाहीत."

त्याने कीबोर्डवरचा हात काढून घेतला. मग हळूच म्हणाला, "सॉरी ताई. पण खेळणाऱ्यांना कुठे कळणारे, तुमचे वडील आहेत ते?"

"मला कळतंय ना."

बाबांचं चालणं आता जगात तेवढंच उरलं होतं. मी ते एस्प्लनेडच्या चौकासकट माझ्या लॅपटॉपवर घेतलं आणि लायब्ररीतून पुसून टाकलं.

"हे कंपनीचं आहे. उद्या वर उत्तर द्यावं लागेल तुम्हाला."

"देईन," मी म्हणाले, आणि पर्स उचलून निघाले. नोकरी राहील की जाईल याचा विचार मेट्रोत बसल्यावर आला.

"आज लवकर?" बाबांनी विचारलं. मी चपला न काढताच सगळं सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दाखव बघू."

मी लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. गाडी आली, आदळली, चेपली.

"बघा बाबा, कशी जिरली त्याची."

ते गाडीकडे बघतच नव्हते. "मी हात असा पाठीशी ठेवायचो?"

"नेहमी."

"परत लाव. पण ती गाडी काढ."

"गाडी काढली तर मग राहिलं काय त्यात?"

"नको गं गाडी," बाबा म्हणाले. "मला नुसतं पलीकडे जाऊ दे."

मी गाडी काढून टाकली. चौक मोकळा झाला. बाबा पट्ट्यांवरून निघाले, मध्यावर पोचले, थांबले आणि मागे वळून बघितलं.

"येतेय हो, चला तुम्ही," खुर्चीमागे येऊन उभी राहिलेली आई सवयीने म्हणाली.

बाबा पुढे निघाले आणि पलीकडच्या फुटपाथवर चढले.