थोरल्या जावयाचा सत्कार

फेब्रुवारी २०२१ मधला रविवार होता. हेगला लागून असलेल्या लायडस्खेनडाम-फोरबर्गमध्ये दामोदररावांच्या घरी सकाळपासून भरल्या वांग्यांचा वास दरवळत होता. थोरली मुलगी सुनेत्रा आणि जावई सेनाद जेवायला आले होते. सेनादला शिरा आवडतो म्हणून मालिनीबाईंनी तो जरा जास्तच तूप घालून केला होता. टेबलाच्या मुख्य खुर्चीवर त्याला बसवून दामोदरराव स्वतः त्याला वाढत होते.

घरामागच्या बागेत, गोठलेल्या हिरवळीच्या कडेला सुमित उभा होता. त्याच्या हातात कागदी कपातला चहा होता.

कोरोनाचे निर्बंध त्या दिवसांत कडक होते. एका घरात दिवसाला एकच पाहुणा यावा, असा नियम होता. सुनेत्रा आणि सेनाद दोघं आत होती, पण ती घरचीच माणसं, त्यांना पाहुणे कोण म्हणेल, असं मालिनीबाईंचं म्हणणं होतं. सुमितची वेळ आली की मात्र नियम आठवे. "बाहेर मोकळी हवा आहे रे, तिथेच बरं," असं म्हणून त्या कप बागेतल्या लाकडी बाकावर ठेवत आणि दोन पावलं मागे सरत.

धाकटी गुंजन त्याच्याजवळ कोट घालून उभी होती. ती मास्ट्रिख्टला शिकत असताना दोघांची ओळख झाली होती. सुमित तिथल्या विद्यापीठात संशोधक होता. लॉकडाऊनमुळे ती आईवडिलांकडे परतली आणि सुमित तिला भेटायला दर दोन-तीन आठवड्यांनी रेल्वेने देशाच्या त्या टोकावरून या टोकाला येऊ लागला.

काचेच्या दारातून सुमितला आतलं टेबल दिसत होतं. सेनादने बोटं चाटली तसे दामोदरराव खूश होऊन हसले. आपण काय बघतोय आणि का बघतोय हे त्याला नीट ठाऊक होतं, तरी नजर हटत नव्हती.

खरं तर एके काळी तो सेनादचा चाहता होता. दक्षिणेतल्या ज्या छोट्या फुटबॉल क्लबकडून सेनाद खेळायचा, त्याच्या मैदानावर तो थंडीत कुडकुडत सामने बघायला जायचा. डाव्या बाजूने चेंडू घेऊन सुटलेला हा उंच बोस्नियन खेळाडू सुमितला फार आवडायचा. तो गुंजनच्या बहिणीचा नवरा आहे हे कळलं तेव्हा त्याने कौतुकाने मित्रांना सांगितलं होतं. गुंजनने घरी सुमितचं नाव काढलं आणि सगळं बदललं.

दामोदररावांनी पहिला प्रश्न विचारला तो आडनावाचा. गजभिये म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. मुलगा हुशार आहे, वागायला चांगला आहे, याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. पण भारतातले नातेवाईक आहेत, मालिनीच्या माहेरची माणसं आहेत, त्यांना काय सांगायचं? बौद्ध मुलगा आहे म्हणून सांगायचं?

गुंजनने विचारलं, "ताईने बोस्नियाच्या मुसलमानाशी लग्न केलं, ते कसं सांगितलंत?"

"तो युरोपियन आहे. त्याची गोष्ट वेगळी," दामोदरराव म्हणाले.

ती गोष्ट तरी सहज कुठे वेगळी झाली होती? सुनेत्रा फिजिओथेरपिस्ट होती. दुखावलेला गुडघा घेऊन सेनाद तिच्या क्लिनिकमध्ये आला आणि दोघांचं जुळलं, तेव्हा याच घरात दोन दिवस चूल पेटली नव्हती. मग एका डच वर्तमानपत्रात सेनादचा चेंडू मारतानाचा मोठा फोटो आला. दामोदररावांनी तो मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला, अभिनंदनाचा पाऊस पडला आणि त्यांचा विरोध त्यात वाहून गेला. परका माणूस त्यांच्या उतरंडीत कुठेच बसत नव्हता, म्हणून त्याला थेट वर नेऊन बसवता आलं. सुमितची जागा मात्र त्यांच्या मनात पिढ्यान् पिढ्या ठरलेली होती. मंडळाच्या कार्यक्रमांत "इथे आपण सगळे फक्त मराठी" असं ते नेहमी म्हणत. त्या वाक्यावर त्यांचा विश्वासही होता.

सुमितला हे कळत नव्हतं असं नाही. पण राग जिथे काढता येत नाही तिथे तो दुसरीकडे वळतो. सुमितचा राग सेनादकडे वळला. जुन्या सामन्यांच्या चित्रफिती लावून तो सेनादच्या चुका शोधू लागला. हा पास चुकला, इथे हा धावलाच नाही, असं तो गुंजनला फोनवर सांगायचा. २०२० च्या वसंतात महामारीमुळे हंगाम अर्धवट थांबला आणि उन्हाळ्यात क्लबने सेनादचा करार वाढवला नाही. क्लबच्या संकेतस्थळावर आभाराच्या दोन ओळी आल्या. त्या वाचून सुमितला आधी आनंद झाला. मग तो आरशासमोर गेला आणि स्वतःचीच किळस येऊन त्याने दिवा मालवला.

त्याला वाटलं होतं, आता या घराची नजर बदलेल. एकाची नोकरी गेली, दुसऱ्याची पक्की आहे. पण नजर बदलली नाही. बेकार झालेल्या सेनादसाठी शिऱ्यात तूप वाढलं आणि सुमितसाठी बाकावरचा कप तसाच राहिला.

गुंजनही आतून जळत होती. लहानपणी ताईचे कपडे तिच्याकडे यायचे, ताईची पुस्तकं यायची. ताईला मिळालेला आशीर्वाद तेवढा तिच्याकडे येत नव्हता. सुनेत्रा समजूत घालायला आली की ती ताडकन म्हणायची, "तुला काय, तुझं झालं."

सेनाद त्या वर्षी घराजवळच्या उद्यानात एकटाच धावत होता. कुठून तरी बोलावणं येईल या आशेवर त्याने गुडघ्याला पट्टी बांधून पूर्ण हिवाळा काढला. बोलावणं आलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्याने निवृत्ती जाहीर केली आणि शरद ऋतूत एका क्लबने त्याला लहान मुलांचा प्रशिक्षक म्हणून घेतलं.

त्या आनंदात दामोदररावांनी ऑक्टोबरमध्ये मंडळातल्या चार ओळखीच्या कुटुंबांना जेवायला बोलावलं. लशी झाल्या होत्या, दीड मीटर अंतराचा नियमही उठला होता. गुंजनने सुमितला आणणार असल्याचं आधीच सांगून ठेवलं. कोणी नाही म्हणालं नाही. दीड वर्षात सुमित पहिल्यांदा त्या घराच्या आत आला. मालिनीबाईंनी त्याला टेबलाच्या टोकाला बसवलं.

जेवणं सुरू झाली. सगळ्यांसमोर निळ्या फुलांच्या चिनी मातीच्या प्लेटा होत्या. सुमितसमोर कागदी प्लेट होती. गुंजनने ती पाहिली आणि हातातला घास परत प्लेटमध्ये ठेवला. सुमित मान खाली घालून जेवला. मग चहा आला. सगळ्यांना निळ्या फुलांचे कप आणि त्याला कागदी.

"काकू," तो शांतपणे म्हणाला, "आता कुठला नियम आहे?"

मालिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. दामोदरराव हसत म्हणाले की माणसं जास्त झाली, कप कमी पडले. गुंजन उठली आणि तिने भिंतीतल्या कपाटाचं दार उघडलं. निळ्या फुलांचे कप आत ओळीने पालथे घातलेले होते. तिने दार उघडंच ठेवलं.

सुमित उभा राहिला. त्याचा आवाज चढला नाही.

"माझे आजोबा गावातल्या हॉटेलबाहेर चहा प्यायचे. त्यांचा कप वेगळा, खिळ्याला टांगलेला. पिऊन झाला की स्वतः धुवायचे आणि परत टांगायचे. माझी आई हे सांगताना अजून मध्येच थांबते. हा कप मी घेणार नाही, काकू. आजही नाही आणि यापुढेही नाही."

तो कोट घेऊन बाहेर पडला. गुंजन त्याच्या पाठोपाठ गेली. टेबलावर मराठीत काय झालं ते सेनादला कळलं नव्हतं. त्याने सुनेत्राला विचारलं. ती आधी म्हणाली, घरगुती काहीतरी आहे. मग तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि सगळं सांगितलं. पहिल्या कपापासून सांगितलं. म्हणजे तिला सगळं माहीत होतं आणि तिनेही ते दीड वर्ष गिळलं होतं.

सेनादने त्या दोघांना ट्राम स्टॉपवर गाठलं. दुखऱ्या गुडघ्याने धावत आल्यामुळे त्याला धाप लागली होती. सुमितने तोंड फिरवलं. मनात साठलेलं सगळं त्याने इंग्रजीत एका दमात ओकून टाकलं. तुझा करार गेला तेव्हा मला बरं वाटलं होतं, हेही त्याने सांगितलं.

सेनाद बाकावर बसला. "मलाही तुझा हेवा वाटायचा," तो म्हणाला. "तुला सुनेत्राच्या आईची भाषा येते. मला वाटायचं, हा एकदा आत आला की मी राखीव खेळाडूंच्या बाकावर जाणार. तू बागेत राहायचास, त्याने मला बरं वाटायचं. का राहतोस ते मी कधी विचारलं नाही."

मग त्याने आपल्या वडिलांबद्दल सांगितलं. बोस्नियातल्या नदीकाठच्या एका गावात ते कारखान्याच्या संघाचे गोलरक्षक होते. संघात सगळ्या धर्मांची माणसं. एका वसंतात त्यांच्या नावाकडे लोक निराळ्या नजरेने बघू लागले. बरोबर खेळणाऱ्यांनी आधी हाक मारणं सोडलं, मग हात मिळवणं सोडलं. पुढे युद्धात तिथल्या मुसलमानांचं जे झालं ते सगळ्या जगाला माहीत आहे. छोट्या सेनादला घेऊन आईवडील बसने नेदरलँड्सला आले. निर्वासितांच्या वसाहतीतल्या भिंतीवर चेंडू मारत तो खेळ शिकला, मोठ्या क्लबपर्यंत पोचला, एकदा बोस्नियाच्या राष्ट्रीय संघातूनही मैदानात उतरला. "मी कोण आहे, हे माझ्या सासऱ्यांना आजही माहीत नाही. त्यांना माझा फोटो आवडतो."

सुमितने त्या दिवशी त्याचा हात हातात घेतला. मत्सर एका संध्याकाळीत संपत नाही, त्याचाही संपला नाही. पण त्याला आता योग्य माणसावर रागावता येऊ लागलं.

मार्च २०२२ मध्ये मास्ट्रिख्टच्या खेमेंतेत, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, गुंजन आणि सुमितचं लग्न झालं. सुमितची आई गयाबाई नागपूरहून आल्या होत्या. साक्षीदार म्हणून सुनेत्रा आणि सेनादने सह्या केल्या. दामोदरराव आले नाहीत. मालिनीबाईही आल्या नाहीत. त्यांनी सकाळी फोन केला आणि गुंजनचा आवाज ऐकून ठेवून दिला.

मे महिन्यात मराठी मंडळाने दोन वर्षांनी प्रत्यक्ष महाराष्ट्र दिन साजरा केला. दामोदररावांच्या पुढाकाराने थोरल्या जावयाच्या कारकिर्दीचा सत्कार ठरला होता. सेनादने एकच अट घातली. त्याची ओळख गुंजनने करून द्यायची. दामोदररावांना हा समेटाचा मार्ग वाटला आणि ते लगेच कबूल झाले.

सभागृह भरलं होतं. सुमित आणि गयाबाई मागच्या रांगेत बसले होते. गुंजनने सेनादची गोष्ट सांगितली. नदीकाठचं गाव, वडिलांचा संघ, नावामुळे सुटलेले हात. लोक डोळे पुसत होते. टाळ्या वाजल्या आणि शाल आली. सेनादने ती खांद्यावर घेऊ दिली नाही. हात जोडून तो डचमध्ये म्हणाला की सासऱ्यांचं घर ज्या दिवशी दोन्ही जावयांना एकाच टेबलावर बसवेल, त्या दिवशी मी ती घेईन. मग तो खाली उतरला आणि मागच्या रांगेत गयाबाईंच्या शेजारी जाऊन बसला.

गुंजन माईकसमोरच होती. तिने बागेतल्या चहापासून सगळं सांगितलं. नावं घेऊन सांगितलं. लोकांच्या डोळ्यांतलं पाणी आता आटलं होतं. बोस्नियातल्या गावासाठी रडणं सोपं होतं. मंडळाचे एक जुने सभासद शशिकांत उठले. त्यांचा सूर समजुतीचा होता.

"बेटा, तुझं दुःख कळतं. पण हे सगळं आपण तिकडे सोडून आलो. इथे कशाला या गोष्टी?"

"इथेच घडल्या म्हणून," गुंजन म्हणाली.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. मुलीच्या जातीने घरचं असं चव्हाट्यावर मांडावं का, असं कोणीतरी म्हणालं. कोणी म्हणालं, तिचा गैरसमज झाला असेल. शिकलेली, सुसंस्कृत माणसं, ती असं करतील हे पटत नाही. पुढच्या रांगेत दामोदरराव दगडासारखे बसले होते. शशिकांतांनी आधारासाठी त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय हो, हे खरं नसेल ना?"

दामोदररावांच्या शेजारची खुर्ची सरकली. मालिनीबाई उठून उभ्या राहिल्या. नवऱ्याने त्यांचा पदर धरला, त्यांनी तो सोडवला.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "यांनी सांगितलं आणि मी केलं. चुकीचं आहे हे कळत असताना केलं."

त्या चालत मागच्या रांगेपर्यंत गेल्या. गयाबाईंसमोर उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना पुढचे शब्द सापडेनात. गयाबाईंनीही त्यांना मदत केली नाही. त्या शांतपणे त्यांच्याकडे बघत वाट पाहत राहिल्या. आणि सभागृहातली बाकीची माणसं, जी इतका वेळ मागे वळून बघत होती, ती एकेक करून आपापल्या पायांकडे पाहू लागली.