व्याह्यांचं हरिकेन

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. आत माणसं उभी असताना कुणी "चालतंय की" असं म्हटलं, तर माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. निवृत्त झालो तरी ते गेलं नाही. रविवारी सकाळी मैदानावर आम्ही पंधरा-वीस जण रिमोटची विमानं उडवायला जमतो, तिथेही मी कुणाला सोडत नाही. बॅटरी घट्ट बसवली का, स्क्रू आवळले का, एलेरॉन नीट हलतात का? बाकीचे मला इन्स्पेक्टर म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण मला ऐकू येतं.

एलेरॉन म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या. रिमोटवरची स्टिक उजवीकडे दाबली की उजवी पट्टी वर जायला हवी आणि डावी खाली. मग विमान उजवीकडे कलतं. हे उलटं झालं तर विमान गेलंच म्हणून समजा. नव्या माणसाला हे मी पहिल्या दिवशी इतक्यांदा ऐकवतो की त्याला वीट येतो.

माझ्या व्याह्यांना या मैदानावर मीच आणलं. लेकीच्या लग्नानंतर पहिली दोन वर्षं आम्ही एकमेकांशी हवापाण्यापलीकडे बोललो नव्हतो. नाती अशी असतात की जीभ आपोआप इस्त्रीतून निघते. या बसा, नको नको, तुम्हीच आधी घ्या. ते पाट्या रंगवणारे पेंटर. दुकानांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या पाट्या, सगळ्या हाताने. पट्टी न लावता सरळ रेघ ओढणारा माणूस मी तो एकच पाहिला. एकदा ते आमच्याकडे आले असताना टेबलावर माझं अर्धवट विमान होतं. ते चष्मा पुसून खाली वाकले आणि म्हणाले, "याला रंग कोण देणार आहे?" बस्स, तिथून आमचं जमलं.

हरिकेन आम्ही दोघांनी मिळून केलं. दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान, पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत माझ्या दोन्ही हातांच्या कवेत मावेल एवढं. हलक्या लाकडाचा सांगाडा, मोटर, तारा हे माझं काम. बाकीचं त्यांचं. सुईच्या टोकावर गोंदाचा थेंब घेऊन त्यांनी पत्र्यावरचा एकेक रिवेट, म्हणजे खिळ्याचा गोल माथा, उठवला, सातशेच्या वर. पेन्सिलीचं शिसं कुटून बोटाने धुराड्याच्या मागे काजळी ओढली. पंखाच्या मुळाशी, जिथे वैमानिक पाय देऊन चढत असेल, तिथला रंग खरवडून आतला चंदेरी पत्रा दाखवला. मी म्हटलं, "अहो, नवंकोरं विमान तुम्ही मळवताय कशाला?" ते म्हणाले, "हे चार महिने रोज लढतंय. कालच धुतल्यासारखं कसं दिसेल?" मी गप्प बसलो. सहसा मी बसत नाही. विमान मी त्यांनाच देऊन टाकलं. रिवेट मोजल्यावर ते माझं म्हणवेना.

आता मुद्द्यावर येतो. वसंतात एकदा विमान जरा आपटत उतरलं आणि पंखातला सर्व्हो गेला. सर्व्हो म्हणजे काडेपेटीएवढी मोटर, ती एलेरॉन हलवते. व्याही विमान घेऊन माझ्याकडे आले. माझ्या खणात दुसऱ्या बनावटीचा एक सर्व्हो पडला होता, तो मी बसवला. माझ्या रिमोटला जोडून तपासलं. स्टिक उजवीकडे, उजवी पट्टी वर. झालं काम.

रविवारी मैदानावर विमान त्यांच्या रिमोटला पुन्हा जोडून दिलं. ते स्टिकवर बोट ठेवून पंखाकडे वाकले. त्यांनाही मीच शिकवलेलं ना, उडवण्याआधी तपासायचं म्हणून. आणि मला काय अवदसा आठवली कोण जाणे. चार लोक बघत होते, आणि हे माझं काम पुन्हा तपासणार! मी म्हणालो, "मी तपासून दिलंय. माझ्या हातावर भरवसा नाही का तुमचा?"

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बाबा रे, बाजूला हो, मला बघू दे. पण ते पडले व्याही. लगेच सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "छे छे, तसं कसं."

विमान धावलं, उठलं. दोन पुरुष उंचीवर असताना वाऱ्याच्या झोताने डावा पंख जरासा खाली गेला. असं नेहमी होतं, थोडं उजवीकडे दाबलं की सावरतं. हे सावरलं नाही. डावा पंख आणखी खाली गेला, आणखी गेला, आणि विमान कुशीवर पडत सरळ जमिनीत घुसलं. सगळं मिळून तीन सेकंद.

मी ओरडलो. सगळ्यांसमोर ओरडलो. "उजवीकडे दाबायचं सोडून डावीकडे दाबलंत! दिसत नाही का तुम्हाला? डोळे तपासून घ्या आधी!"

ते रिमोटकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं, मी उजवीकडेच दाबलं."

"वाटून काय उपयोग," मी म्हणालो. माझ्या जिभेला हाड नाही, हे बायको लग्नापासून सांगत आली आहे.

त्यांनी तुकडे खोक्यात भरले, वर रिमोट ठेवला आणि खोकं माझ्या हातात दिलं. "तुमच्याकडेच राहू द्या. माझं झालं आता."

खोकं मी माळ्यावर टाकलं. राग होता मला, खोटं कशाला बोलू? सातशे रिवेट गेले म्हणून राग, माझी मेहनत गेली म्हणून राग. एक महिना गेला. ते मैदानावर आले नाहीत. मी फोन केला नाही, त्यांनीही केला नाही.

मग लेकीचा फोन आला. "बाबा, तुम्ही माझ्या सासऱ्यांना काही बोललात का?"

"का गं?"

"त्यांनी स्कूटर चालवणं सोडलंय. महिना झाला. चिऊला शाळेत सोडणं-आणणं आता माझ्याकडे आहे. रोज कामाला उशिरा पोचते, ते जाऊ दे. पण ते हातात ब्रशही घेत नाहीत. घराच्या नंबराची पाटी अर्धी रंगवून ठेवलीये. डॉक्टरकडे नेलं, डॉक्टर म्हणाले, या वयाच्या मानाने नजर उत्तम आहे. तर हे म्हणतात, त्या डॉक्टरला विमान उडवता येतं का? म्हणतात, मला एक बाजू दिसते आणि हात भलतीकडे जातो. असा माणूस पोरीला मागे बसवून रस्त्यावर कसा जाईल?"

चिऊ ही आम्हा दोघांची नात. मी कशीबशी वेळ मारून नेली आणि फोन ठेवला.

विमान पुन्हा उभं करून द्यावं, म्हणजे गडी परत येईल, असा माझा बेत होता. माळ्यावरून खोकं काढलं. डाव्या पंखाचा चुरा झाला होता, पण उजवा बऱ्यापैकी शाबूत होता आणि मधला सर्व्होही. सर्व्हो जिवंत आहे का बघू म्हणून बॅटरी लावली, त्यांचाच रिमोट हातात घेतला आणि स्टिक उजवीकडे दाबली.

उजवी पट्टी खाली गेली.

मी स्टिक सोडली. पुन्हा दाबली. पुन्हा खाली. मग माझा रिमोट काढला, त्याला जोडून बघितलं. पट्टी वर गेली, अगदी शहाण्यासारखी. खणातला तो सर्व्हो मुळात उलटा फिरणारा होता. माझ्या रिमोटवर मी कधीकाळी याच सर्व्होसाठी दिशा उलटी करून ठेवली होती, म्हणून माझ्याकडे सगळं बरोबर दिसलं. त्यांच्या रिमोटवर ते केलेलं नव्हतं, आणि करायला हवंय हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी, इन्स्पेक्टर.

मी स्टुलावर बसलो तो बसूनच राहिलो. त्यांना पंख खाली गेलेला दिसला होता. त्यांनी उजवीकडे दाबलं होतं. विमान ऐकेना म्हणून आणखी दाबलं. तो माणूस जितकं बरोबर करत गेला, तितकं विमान वाईट कलत गेलं. आणि वर मी त्याला आंधळा ठरवलं.

लगेच उठून गेलो असेन असं वाटत असेल तर तसं झालं नाही. दोन दिवस मी घरात येरझारा घातल्या. नवं विमान बांधून द्यावं आणि मूग गिळून बसावं, असंही मनात आलं. कुणाला कळणार होतं? मैदानावर मी काय तोंड दाखवणार, लेकीच्या सासरी काय तोंड दाखवणार, हेच डोक्यात. तिसऱ्या दिवशी बायकोला सांगितलं. ती पालेभाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग अजून घरात काय करताय?"

उरलेला पंख पुन्हा त्यांच्या रिमोटला जोडला आणि तो, बॅटरी, रिमोट असं सगळं पिशवीत घालून मी गेलो. दुपार होती. विहीणबाईंनी दार उघडलं. ते खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, हातात काही नाही. मला बघून उठले. "या या, बसा. पाणी आण गं."

"पाणी नंतर," मी म्हणालो. पंख त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला, रिमोट त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो गरम भांडं धरावं तसा धरला. "उजवीकडे दाबा."

"कशाला आता ते?"

"दाबा तर."

त्यांनी दाबलं.

"काय दिसतंय?"

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "पट्टी खाली गेली."

"कुठली?"

"उजवी." ते थांबले. पुन्हा दाबलं. मग डावीकडे दाबलं, परत उजवीकडे. बराच वेळ त्या खोलीत सर्व्होची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना, म्हणून मी पंखाकडे बघत बोललो. "मी उलटं जोडलं होतं. तुम्ही तपासत होतात, मी तपासू दिलं नाही. तुम्ही उजवीकडेच दाबलंत. डावा पंख पडला तो तुम्हाला दिसला आणि तुम्ही वेळेत दाबलंत. मी त्या जागी असतो तर हेच केलं असतं. चूक माझी आहे, सगळी माझी. आणि नंतर जे बोललो, त्याची मला लाज वाटते."

विहीणबाई पाण्याचा पेला घेऊन दारातच थांबल्या होत्या.

"मी चिऊला सांगितलं," शेवटी ते म्हणाले, "की आजोबांना आता दिसत नाही. ती रोज माझा हात धरून मला जिना उतरवते." त्यांनी रिमोट टेबलावर ठेवला. "पाच आठवडे. अहो, पाच आठवडे मी जिना उतरताना पायऱ्या मोजतोय."

मला वाटलं, आता घालवून देतील. दिलं असतं तर बरं झालं असतं. विहीणबाई पुढे आल्या, पेला माझ्यासमोर ठेवला आणि त्यांना म्हणाल्या, "शाळा सुटायला पंधरा मिनिटं आहेत. सूनबाईला फोन करून सांगू का, येऊ नकोस म्हणून?"

त्यांनी बराच विचार केला. "सांग," ते म्हणाले. खुंटीवरची किल्ली घेतली आणि माझ्याकडे न बघता जिना उतरले.

मी आणि विहीणबाई खिडकीत उभे राहिलो. खाली त्यांनी स्कूटरवरचं कापड काढलं, सीट पुसली, गाडी सुरू केली. फाटकापाशी येऊन थांबले. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, पुन्हा उजवीकडे. रस्ता मोकळा होता. एक सायकल गेली, एक रिकामी व्हॅन गेली, पुन्हा मोकळा. ते निघेनात. पाय जमिनीला टेकवून तसेच बसून राहिले.

"मी म्हटलं होतं डॉक्टरांना," विहीणबाई हळूच म्हणाल्या, "चष्म्याने हे जाणार नाही."

मला गुडघ्यांचा त्रास आहे. तरी तीन मजले मी कसा उतरलो ते मला विचारू नका. फाटकापाशी जाऊन, न विचारता, त्यांच्या मागे स्कूटरवर बसलो. गाडी खाली दबली. ते मागे वळले नाहीत.

"उतरा," ते म्हणाले. "मला खात्री वाटत नाहीये."

"मला वाटतेय," मी म्हणालो. "म्हणून बसलोय."

इंजिन धडधडत होतं. त्यांची पाठ माझ्या छातीपासून चार बोटांवर होती, ताठ, श्वास धरलेली. मी रस्त्याकडे बघितलं आणि सवयीने तोंड उघडलं. "उजवीकडून कुणी येत नाहीये."

"दिसतंय मला," ते म्हणाले, जरा चिडूनच, आणि गाडी रस्त्यावर घेतली.