मिस्सेची तारीख

शुक्रवारी सकाळी आखातातल्या अल् घुब्राच्या फ्लॅटमध्ये वॉल्टरने ईमेल उघडला. इंग्लंडमधल्या, पणजोबांच्या मूळ खेड्याच्या चर्चने दफनवहीतल्या पानाचा फोटो पाठवला होता. त्याचे गोरे पणजोबा, म्हणजे आईचे आजोबा, वसईचे रेल्वेसाहेब, १९२१ साली मायदेशी जाताना समुद्रात बुडाले म्हणून पणजीने मरेपर्यंत काळं लुगडं सोडलं नाही. वहीत मात्र लिहिलं होतं: मृत्यू १४ मार्च १९५१, कबर पत्नी ईडिथच्या शेजारी.

मृतासाठी चर्चमध्ये होणाऱ्या वार्षिक प्रार्थनेसाठी, मिस्सेसाठी, नक्की तारीख हवी, असं टुमणं आईनेच लावलं होतं, म्हणून त्याने तिथे विचारलं होतं. ऐंशीच्या बाईला हे सांगायचं कोणत्या तोंडाने? तेवढ्यात वसईहून तिचाच फोन आला.

“मिळाली तारीख?”

“चौदा मार्च.” साल त्याने गिळलं.

“बरं. मिस्सा एकट्या आजोबांच्या नावाने सांगू,” आईने शांतपणे विचारलं, “की त्या मडमेच्याही?”